कातीव भांड्यावर डागलेली रेष कुठे फिकी, कुठे काळी का येते?

गेली नऊ वर्षं मी कातीव लाकडी भांड्यांवर डागणी करते. वाट्या, मिठाचे सट, कुंकवाचे करंडे, झाकणाच्या डब्या. डागणी म्हणजे ज्याला हल्ली सगळे वुडबर्निंग किंवा पायरोग्राफी म्हणतात तेच: विजेवर तापणाऱ्या पेनाच्या टोकानं लाकूड जाळत नक्षी काढायची. भांडी मी कातत नाही. सावंतवाडीच्या बाजूला एक आबा आहेत, ते लेथवर कातून देतात आणि मी वेंगुर्ल्याजवळ घराच्या पडवीत बसून डागते. या नऊ वर्षांत एकच तक्रार मी स्वतःची आणि इतरांची मिळून इतक्या वेळा निस्तरली आहे की आता फोनवर फोटो आला की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. तक्रार अशी: सपाट पाटीवर सुंदर येणारी रेष भांड्यावर धड येत नाही.

आधी लक्षणं नीट बघा, कारण 'रेष बिघडते' या दोन शब्दांत चार-पाच वेगळे बिघाड लपलेले असतात.

वाटीभोवती एक आडवी रेष ओढली, आच कमी-जास्त करायचं बटण हललं नाही, हातही तोच, तरी पूर्ण फेरीत ती गडद, फिकी, गडद, फिकी अशी दोन-दोनदा बदलते. किंवा रेषेच्या दोन्ही कडांना चहा सांडल्यासारखी तपकिरी झाक पसरते. किंवा जिथे टोक टेकवलं तिथे काळा ठिपका पडतो आणि पुढची रेष केसासारखी बारीक निघते. काही वेळा टोक चिकटत, ओढत चालतं आणि रेषेला करवतीसारखे दाते येतात. टोक टेकवताच 'चर्र' असा बारीक आवाज येतो, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. आणि शेवटचं, सगळ्यांत गोंधळात टाकणारं: सकाळी अकराला उत्तम चाललेलं पेन संध्याकाळी साडेसातला मरगळतं.

आपल्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते कागदावर लिहा. दिवसाची वेळही लिहा. एकापेक्षा जास्त लक्षणं असतील तर कोणती एकत्र येतात तेही.

हे लिहून काढायचा आग्रह का, तर मी स्वतः ते केलं नाही म्हणून फसले होते. दुसऱ्या वर्षी एका होमस्टेवाल्यांनी अकरा मिठाचे सट सांगितले होते, गणपतीच्या आधी हवे होते. ऑगस्टची झड. पहिल्या दोन सटांवर रेष धुवट आली, कडेनं तपकिरी झाक. मी टोक बदललं. तरी तेच. मग घाईघाईनं मशीनच नवं मागवलं. नव्या मशीनवर तिसरा सट अगदी तसाच आला. तो घेऊन आबांकडे गेले. त्यांनी सट हातात घेतला, तळव्यावर तोलला, गालाला लावला आणि म्हणाले, "मशीन कित्याक बदललंस, बाये? ह्या लाकूड अजून ओला आसा." जुनं मशीन आजही चालतंय. नवं माझ्या भाच्याकडे आहे.

तेव्हा खालच्या तपासण्या ज्या क्रमानं लिहिल्या आहेत त्याच क्रमानं करा. पहिल्या तिन्हींना एक रुपया लागत नाही. खिशात हात शेवटी घालायचा.

पंखा बंद करा

हसू नका. कोकणात मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे शिक्षाच, पण तारेच्या टोकाचं पेन वापरत असाल तर हे आधी. त्या टोकाची तार म्हणजे केवढी, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. तिच्यात उष्णता साठतच नाही. वीज जितकी देईल तितकीच तिच्यापाशी असते. वरून पंख्याचा झोत आला की दर फेऱ्याला ती थोडी निवते आणि रेष ठिगळ लावल्यासारखी येते. पडवीत बसणाऱ्यांना पंखाही नको. दुपारी एक-दीडनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो तोच पुरतो. मी डागणीला सकाळीच बसते ते त्यामुळे.

सोल्डरिंग आयर्नसारखं जाड पितळी टोकाचं पेन असेल तर पंख्याचा एवढा त्रास होत नाही, कारण त्या धातूच्या गोळ्यात उष्णता धरून राहते.

पण धुराचं काय? धूर नाकात जाता कामा नये, ते तर पंख्याहून महत्त्वाचं. उपाय असा की हवा टोकावर फुंकायची नाही, टोकाच्या पलीकडून ओढून घ्यायची. मी खिडकीत छोटा एक्झॉस्ट पंखा बाहेरच्या दिशेनं तोंड करून लावला आहे आणि भांडं त्याच्यापासून हातभर अंतरावर धरते. धूर त्याच्याकडे जातो, टोकाला झुळूक लागत नाही. तरीही एन-९५ मास्क असतोच. कापडी रुमाल बांधून धूर अडत नाही.

टोकावरची काजळी

दहा-पंधरा मिनिटं काम झालं की टोकावर कार्बनची खपली बसते. ती उष्णता अडवते, शिवाय खरखरीत असल्यानं लाकडात रुतते. दात्यांची रेष आणि ओढत चालणारं टोक, या दोन्हींचं पहिलं कारण हेच. पेन बंद करून, निवल्यावर, टोक बारीक पितळी ब्रशनं किंवा चामड्याच्या तुकड्यावर घासा. जुन्या चपलेचा अंगठा चालतो, माझा तोच आहे. कानस मात्र लावू नका. मुलामा दिलेल्या टोकावरचा मुलामा कानशीनं गेला की त्याखालचा धातू लवकर खातो आणि मग ते टोक दर पाच मिनिटांनी काळं पडतं.

पाण्याचा एक थेंब

भांड्यावर, नक्षी जिथे यायची तिथे, बोटानं पाण्याचा थेंब ठेवा आणि वीसपर्यंत मोजा. थेंब पसरून लाकूड काळसर झालं तर लाकूड उघडं आहे, ठीक. थेंब अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला तर वर काहीतरी आहे: मेण, तेल, सीलर किंवा लाख.

हे तपासायचं कारण असं की कातारी सवयीनं भांडं लेथवरून काढण्याआधी त्याला शेवटचा हात देतात. लाखकामात तर लेथ फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवतात, घर्षणानं ती वितळते आणि लाकडावर बसते. लाख साधारण ७५ ते ८० अंशांनाच वितळू लागते. तुमचं टोक कित्येकशे अंशांवर. म्हणजे लाकडापर्यंत पोचायच्या आधीच ते लाखेत लडबडतं, चिकटतं, डोळ्यांत पाणी आणणारा धूर येतो आणि रेष दात्यांची. यावर हात सुधारून उपयोग नाही. कातणाऱ्याला आधीच सांगा: 'कोरं द्या, वर काही लावू नका.' लाख लागलेलीच असेल तर ती स्पिरिटमध्ये विरघळते. पुसून, पूर्ण वाळवून, पॉलिश पेपर मारून मग डागा. स्पिरिट पुसल्या-पुसल्या तापलं पेन जवळ नेऊ नका, पेट घेईल. मी किमान एक रात्र जाऊ देते.

आणखी एक चोर असतो, तो म्हणजे आपलेच हात. डोक्याला खोबरेल लावून, केसांवरून हात फिरवून भांडं धरलं की बोटांचे तेलकट ठसे उमटतात. डागताना दिसत नाहीत, रेष मात्र नेमकी तिथे फुटते. नक्षी उतरवायला निळा कार्बन पेपर वापरणाऱ्यांनाही हेच सांगते, त्याची शाई मेणट असते आणि खोडरबरानं जात नाही. कागदाच्या मागे साधी मऊ पेन्सिल घासून तो कागद वापरा.

थेंब घेतलाच आहे तर तो पुसून ती जागा सुकू द्या आणि बोटानं चाचपा. लव उठली असेल, पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर हमखास उठते, तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका हात फिरवा. हे घासणं लेथ थांबवून, तंतूंच्या दिशेनं करायचं. लेथ फिरत असताना घासलेल्या भांड्यावर पेपरचे ओरखडे गोल-गोल राहतात. उभी रेष ओढताना टोक त्या प्रत्येक ओरखड्यावर अडखळतं आणि आडवी रेष त्यांच्यातच घसरून बसते.

फेरीत चार वेळा बदलणारी रेष

आता खरा मुद्दा, आणि हा बिघाड नव्हेच. तो भांड्याच्या कातण्यातच असतो.

भाताच्या पेंढ्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. बाजूनं हात फिरवला तर काड्या आडव्या लागतात, टोकाकडून लावला तर काड्यांची तोंडं टोचतात. लाकूडही तसंच, तंतूंची पेंढी. वाटी किंवा परात साधारणपणे फळीतून कातली जाते, म्हणजे तंतू वाटीत आडवे, या काठापासून त्या काठापर्यंत जातात. त्यामुळे वाटीच्या बाहेरून एक फेरी मारली की दोन ठिकाणी तंतूंची बाजू लागते आणि दोन ठिकाणी तंतूंची तोंडं. गडद, फिकी, गडद, फिकी. मोजून चार.

तंतूंच्या लांबीच्या दिशेनं उष्णता आडव्या दिशेच्या मानानं जवळजवळ दुप्पट सहज वाहते. टोक तोंडांवर टेकवलं की उष्णता सरळ आत पळते, वर रंग धरत नाही, रेष फिकी. मग आपण वैतागून तिथे थांबतो आणि एकदम काळा डाग पडतो.

ही तोंडं कुठे आहेत ते ओळखायला ओलं बोट बाहेरून एक फेरी फिरवा. जिथे लाकूड पाणी पटकन पितं आणि गडद दिसतं ती तोंडं. तळाला पेन्सिलनं चार खुणा करा. आता तोंडांच्या भागात हात निम्म्या वेगानं चालवा; बटण वाढवू नका, हात सावकाश करा. बटण वाढवलं की पुढच्या बाजूच्या भागात शिरताना कमी करायचं राहतंच आणि तिथे रेष करपते. माझी वाटीवरची एक पूर्ण रेष चार टप्प्यांत होते, दर खुणेला टोक उचलून.

नक्षीही त्याप्रमाणे बसवता येते. भरीव पानं, माशाचं अंग, ठिपक्यांची भरती अशा गोष्टी तोंडांच्या बाजूला घ्या, बारीक रेषाकाम तंतूंच्या बाजूला. सगळ्यांना वारलीच हवी असते. तिच्या काटक्यांसारख्या हातापायांना तोंडांचा भाग फार वाईट, माणसं तिथे लंगडी निघतात. (शिवाय वारली मुळात गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात काढतात; लाकडावर ती उलटी, काळ्यात येते. आवडत असेल तर काढा, पण मला ती नेहमी फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसते.)

उभट पेला, करंडा, फुलदाणी असं काही बहुधा उभ्या तंतूच्या ठोकळ्यातून कातलेलं असतं. त्याला सगळीकडून बाजूच लागते, चारची भानगड नाही. अशा भांड्यावरही रेष फेरीत चार वेळा बदलत असेल तर वरचं कारण नाही, पुढे वाचा.

टेकताना पडणारा काळा ठिपका मात्र हाताचाच. हवेत धरलेलं टोक लाकडाला लागलेल्या टोकापेक्षा जास्त तापलेलं असतं, कारण उष्णता घ्यायला समोर काही नसतं. टेकण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर एक छोटी रेघ ओढून मग भांड्यावर या. टेकतानाही हात आधीपासून चालता हवा, होडी किनाऱ्याला घसटत लागते तशी. उचलतानाही तसंच.

संध्याकाळी मरगळणारं पेन

संध्याकाळी सातच्या सुमारास घराघरांत दिवे, टीव्ही, पंप, मिक्सर एकदम चालू होतात. लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीत व्होल्टेज खाली बसतं. ठरलेलं २३० व्होल्ट. आमच्याकडे काही संध्याकाळी १९० दिसलेलं आहे. कुणी म्हणेल, २३० चे १९० म्हणजे ८३ टक्के, एवढं काय? पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ०.८३ गुणिले ०.८३, म्हणजे पेनाला मिळते ती नेहमीच्या ६८-६९ टक्केच शक्ती. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

बघायचं कसं? फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आत येणारं व्होल्टेज दिसत असेल तर तेच वाचा. नसेल तर सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा व्होल्ट दाखवणारा प्लग मिळतो. आकडा २१० च्या खाली असेल तर त्या वेळी डागायला बसू नका, इतकं सोपं. रोज संध्याकाळीच काम करावं लागत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, पेनाला शक्ती फार लागत नाही, लहानसा पुरतो. काही नव्या डिजिटल मशीनमध्ये आतच व्होल्टेज सांभाळलेलं असतं. त्यांना हा त्रास जाणवत नाही.

जोडांवरचा कळंक

वीज पुरेशी आहे आणि तरीही पेन मध्येच निवतं, वायर हलवली की पुन्हा तापतं, असं असेल तर जोड बघा. मशीनचा प्लग भिंतीतून काढून. बटण बंद केलेलं पुरत नाही, प्लगच काढायचा.

तारेच्या पेनाला मशीनच्या पेटीतून एक-दोन व्होल्टच मिळतात, पण अँपियर बरेच वाहतात. टोकाच्या तारेचा रोधच ओहमच्या काही दशांशांइतका असतो. मग जिथे टोक स्क्रूनं आवळलेलं असतं त्या जोडावर थोडा जरी कळंक बसला तरी निम्मी उष्णता टोकाऐवजी तिथेच खर्च होते. ओळखायची खूण: रेष फिकी आणि पेनाची मूठ मात्र नेहमीपेक्षा गरम.

समुद्रकाठच्या हवेत पितळी स्क्रूवर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो. आमच्या पडवीतून समुद्र दिसतही नाही, नुसता ऐकू येतो, तरी चढतो. स्क्रू सोडवा, स्क्रू आणि टोकाचे पाय ४०० नंबरच्या पेपरनं चकचकीत करा, पुन्हा घट्ट आवळा. मी दर महिन्याला करते आणि काम झालं की पेन उघडं न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवते.

वजनकाटा

इथवर काही सापडलं नसेल आणि महिना जून ते ऑक्टोबरमधला असेल तर मी भांडं न बघताही सांगेन: लाकूड ओलं आहे.

ओलं म्हणजे हाताला ओलसर लागणारं नव्हे. लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी ठरतं. तीच ८५-९० टक्क्यांवर गेली, जी आमच्याकडे पावसाळाभर असते, तर १८-२० टक्के. म्हणजे उन्हाळ्यात नीट सुकलेलं, चांगलं लाकूडही जुलैत नुसतं पडवीत बसून ओलं होतं. दोष कातणाऱ्याचाही नाही आणि लाकडाचाही नाही.

आता टोकाखाली काय होतं ते बघा. लाकडाचा रंग बदलायला २०० अंशांच्या वर जावं लागतं, ३०० च्या आसपास कोळसा होतो. पाणी १०० ला उकळतं, आणि त्या जागचं पाणी उडून जाईपर्यंत तापमान फारसं पुढे सरकत नाही. म्हणून 'चर्र' आवाज. टोकाची उष्णता आधी वाफ करण्यात जाते. आपण हात सावकाश करतो, बटण वाढवतो. ओलं लाकूड कोरड्यापेक्षा उष्णता जास्त पसरवतं, म्हणून तोवर कडेचा भाग तापून तपकिरी होतो. रेष धुवट आणि कडेला चहाचा डाग, ही जोडी दिसली की बाकी काही शोधू नका.

यंत्रं मिळतात, दोन सुया टोचून ओलावा दाखवणारी. पण तयार भांड्यात सुया कोण टोचणार? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, एक ग्रॅम दाखवणारा पुरे. भांडं तोला आणि तारीख-वजन तळाशी पेन्सिलनं लिहा. मग सुकवायला ठेवा आणि रोज त्याच वेळी तोला. माझ्याकडच्या शिवण लाकडाच्या एका सात इंची वाटीच्या तळाशी अजून हा हिशोब आहे, मी तो मुद्दाम पुसला नाही: ३१८, ३११, ३०६, ३०३, ३०२, ३०२. दोन दिवस आकडा हलला नाही, म्हणजे वाटी तयार. सोळा ग्रॅम गेले. तीन चमचे पाणी, त्या 'कोरड्या' वाटीतून. पहिल्या दिवशी आणि सहाव्या दिवशी तिच्या तळावर मी एकाच बटणावर दोन रेघा ओढून ठेवल्या आहेत. पहिली चहाची, दुसरी शाईची. कुणी मशीन बदलायचं म्हणालं की मी ती वाटी उलटी करून हातात देते.

सुकवायचं कसं? माझ्याकडे जुनी पत्र्याची ट्रंक आहे. तळाशी २५ वॅटचा पिवळा बल्ब, त्यावर वीतभर अंतर सोडून जाळी, जाळीवर भांडी, झाकणाला दोन बोटं फट. पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावू नका आणि घर बंद करून जाताना किंवा झोपताना चालू ठेवू नका. घरात चूल पेटत असेल तर चुलीवरच्या फळीवर, धगीपासून लांब, तेही चालतं. भांड्याला धुराचा वास राहतो एवढंच. घाई मात्र करायची नाही. उन्हात टाकलं, ओव्हनमध्ये घातलं की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला तसाच, आणि तोंडांच्या बाजूला, काठापाशी चीर जाते. रोज सात-आठ ग्रॅमपेक्षा जास्त उतरत असेल तर मी फट वाढवते.

तांदळाच्या पिंपात पुरून ठेवा असा सल्ला एक मावशी सगळ्यांना देतात. तांदळात स्वतःच १३-१४ टक्के पाणी असतं आणि पावसात पिंप उघडबंद होत असतं. भांडं सुकत नाही, तांदळाला लाकडाचा वास मात्र लागतो.

सुकलेली वाटी पुन्हा पडवीत ठेवली तर दोन दिवसांत पाणी परत पिते, पातळ भिंतीची तर त्याआधीच. म्हणून मी ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, बांधून ठेवते. डागायला काढते, तासाभरानं परत पिशवीत. डागणी पुरी झाली की तेल-मेणाचा हात द्यायचा, म्हणजे ये-जा मंदावते. थांबत नाही. (जवसाचं तेल वापरत असाल तर तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.)

एक वेगळी गोष्ट: नुकत्याच तोडलेल्या लाकडातून कातलेलं भांडं. ते सुकताना लंबगोल होतं आणि तुमचा सरळ पट्टा नागमोडी. त्यावर डागूच नका, काही महिने विसरून जा.

लाकूडच तसं असेल तर

सागात तेल असतं आणि वलयांत सच्छिद्र-घट्ट थर आलटून पालटून येतात, टोक मऊत बुडतं आणि घट्टावर उडी मारतं. सागावर बारीक रेषाकाम मी घेत नाही. फणसाचं पिवळं लाकूड डागायला बरं, पण वर्षागणिक ते स्वतःच तपकिरी होत जातं आणि नक्षी त्यात मिसळते. रेष जाड घ्यावी. आंब्यावर काळपट पट्टे असतील तर नक्षी त्यांच्या भोवतीनं फिरवा. पांगारा अगदी हलक्या आचेवर, नाहीतर खड्डा पडतो. माडाच्या लाकडात मऊ गरात काळ्या टणक काड्या असतात, तिथे सरळ रेषेचा नाद सोडा, ठिपके द्या. आणि शिवण. सुरुवात करणाऱ्यानं शिवणीवरच करावी: फिकट, एकसारखी, हलकी, कुठे अडत नाही.

काजू, बिब्बा, कण्हेर यांच्या लाकडावर मी पेन टेकवत नाही. काजू-बिब्ब्याचा चीक कातडीला काय करतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे, कण्हेर तर विषारीच. आंबा हाही काजूच्याच कुळातला. कैरीच्या चिकानं ज्यांच्या ओठाला फोड येतात त्यांनी आंब्याच्या धुरापासून जपून राहावं.

आणि खायच्या भांड्याच्या आतल्या बाजूला डागू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. कोळशाची भुकटी सुटत राहते.

इथे थांबा

पेनाची मूठ किंवा पेटी धरल्यावर मुंग्या आल्या, पेटीतून जळक्या प्लास्टिकचा वास आला, ती गुणगुणायला लागली, किंवा प्लग लावताच घरचा एमसीबी पडला तर प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. पेटी स्वतः उघडायची नाही. टोकाला दीड व्होल्ट असले तरी पेटीत २३० येत असतात. मुंग्या येत असतील तर त्याला घराचं अर्थिंगही बघायला सांगा. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंग कमजोर पडतं. बऱ्याच घरांत त्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कुणी बादलीभर पाणीही ओतलेलं नसतं.

जोड चकचकीत, व्होल्टेज ठीक, टोक नवं, लाकूड वजनाला स्थिर, आणि तरी टोक नीट तापत नाही, तर बिघाड पेटीच्या आत आहे. ती दुरुस्तीवाल्याकडे द्या. चौथं टोक विकत घेऊ नका.

खोकला हटत नाही, छातीत घरघर, हातावर पुरळ, असं झालं तर काम बंद आणि डॉक्टर. कोणतं लाकूड डागत होतो ते त्यांना सांगा.

भांड्याला चीर गेली किंवा रेष खोल करपली तर ते कातणाऱ्याकडे न्यायचं. चिरेत फेव्हिकॉल भरून वरून डागायचा प्रयत्न मी केलेला आहे. गोंद वितळून टोकाला लागतो आणि चीर तिथेच राहते. भिंत जाड असेल तर आबा भांडं पुन्हा लेथवर चढवून वरचा थर काढून देतात. सुकताना लंबगोल झालेल्या वाटीची भिंत अशा कातण्यात एका बाजूला जास्त जाते, म्हणून पातळ भिंतीच्या भांड्याला ते सरळ नाही म्हणतात. जे परत येतं ते दीड-दोन मिलिमीटर पातळ होऊन येतं, तळावरचे पेन्सिलचे आकडेही कधीकधी गेलेले असतात, आणि पावसातून पिशवीविना आलेलं असतं. तेव्हा पुन्हा काट्यावर.